मटण स्ट्रीटवर ‘टर्टल’ची शोधाशोध

नवीन घड्याळ मॉलमध्ये दहा मिनिटांत मिळतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं डायव्हर घड्याळ पुन्हा चालू करायचं, तर चोरबाजाराच्या चार फेऱ्या ठरलेल्या!

तुमच्या घरातलं गोदरेजचं कपाट एकदा नीट उघडून बघा. साड्यांच्या मागे, पासबुकांच्या खाली एखादं बंद पडलेलं ‘सिको’ सापडण्याची दाट शक्यता आहे. घरातलं कुणी ना कुणी बोटीवर किंवा गल्फमध्ये असायचंच. परत येताना सेंटच्या बाटल्या, टेपरेकॉर्डर आणि मनगटावर सिको हेही ठरलेलं.

आमच्याकडचं सिको मामाचं. मामा बोटीवर होता. घड्याळ साधं नाही बरं का, पाणबुड्यांचं, म्हणजे ‘डायव्हर’. मागच्या झाकणावर नंबर ६३०९-७०४०. हे मॉडेल १९७६ ते १९८८ या काळात निघालं. दीडशे मीटर पाण्याला टिकेल असं झाकणावर कोरलेलं. केस गुबगुबीत आणि गोलसर, म्हणून जगभरचे शौकीन त्याला ‘टर्टल’ म्हणतात, म्हणजे कासव. त्याच्या आधीचं मॉडेल, ६१०५, १९७९च्या ‘अपॉकलिप्स नाऊ’ सिनेमात मार्टिन शीनच्या मनगटावर दिसतं. घराणं तसं फिल्मी आहे!

सिरियल नंबरवरून जन्मतारीखही काढता येते. पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. मामाच्या घड्याळावर सुरुवातीला ८ आणि २. त्यानं ते १९७९ मध्ये दुबईला घेतलं होतं, म्हणजे जन्म फेब्रुवारी १९७८चा.

आता तब्येतीचं बोलू. काचेवर ओरखडे, बाहेरच्या फिरत्या रिंगवरची काळी चकती गायब, आत कधीतरी पाणी गेल्यामुळे वाराची तबकडी गंजलेली आणि मशीन ठप्प. कंपनीकडे या मॉडेलचे जुने डायल-काटे मिळायचे दिवस केव्हाच संपले. मग उरतो एकच पत्ता.

जुम्मा टाळा, किंवा जुम्मालाच जा

ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं, पूर्वेला बाहेर पडायचं आणि भेंडीबाजाराच्या दिशेनं चालत सुटायचं. मटण स्ट्रीटवर एरवी अँटिकची दुकानं उघडी असतात. ग्रामोफोन, झुंबरं, सिनेमाची पोस्टर्स, बोटीवरचे दिवे, आणि मधेमधे घड्याळांचे ट्रे. शुक्रवारी दुकानं बंद आणि रस्त्यावर जुना बाजार. दुकानदाराशी निवांत बोलायचं असेल तर आठवड्यातला दुसरा दिवस बघा. घमेल्यातल्या ढिगात हात घालायची हौस असेल तर शुक्रवारी पहाटे पोचा. ऑफिसला हाफ डे टाकलात तरी चालेल.

मुंबईत हा बाजार असा फुलला त्याला कारण आहे. अनेक वर्षं परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधनं होती. आलेलं घड्याळ टाकून द्यायचं नाही, दुरुस्तच करायचं. त्यातून पार्ट काढणारे, विकणारे, बसवणारे अशी सगळी साखळी तयार झाली. एका ट्रेमध्ये एचएमटीचं ‘जनता’, बाजूला फेवर ल्युबाचं ‘सी किंग’ आणि ‘सी चीफ’. नावात समुद्र आहे म्हणून फसू नका. ती ऑफिसला घालायची घड्याळं आहेत, पाण्यात न्यायची नाहीत. फेवर ल्युबाचं खरं पाण्यातलं घड्याळ म्हणजे १९६८चं ‘बॅथी’. ते खोलीसुद्धा दाखवायचं. असं घड्याळ ट्रेमध्ये दिसलंच तर मला फोन करा.

दाता शोधा

फंडा सोपा आहे. टर्टलचे पार्ट मागायचे नाहीत, टर्टलचा भाऊ शोधायचा. सिकोच्या झाकणावरचे पहिले चार आकडे म्हणजे आतल्या मशीनचा नंबर. ६३०९ हे मशीन कंपनीनं साध्या ‘सिको फाइव्ह’ घड्याळांतही घातलं. १७ ज्युएल्स, सेकंदाला सहा ठोके, दोन्हीकडे तेच. डायव्हर महाग आणि दुर्मीळ, सिको फाइव्हचे मात्र ट्रे भरलेले. खराब काचेचं, पट्टा तुटलेलं एखादं उचलायचं आणि त्याचं मशीन वापरायचं.

पण एक गोम आहे. टर्टलची चावी तीनवर नसते, चारच्या जवळ असते. वार-तारखेची खिडकी मात्र तीनवरच. त्यामुळे मशीन आत थोडं फिरवून बसवलेलं असतं आणि तबकड्यांवरची अक्षरं त्याच हिशेबानं छापलेली असतात. तीनवर चावी असलेल्या घड्याळातली तबकडी घातलीत, तर सोमवार तिरका दिसणार. म्हणून दात्याची चावीही चारजवळच हवी. तिसऱ्या फेरीत असं एक मिळालं. वार इंग्रजीत आणि अरबीतही! मामाच्या घड्याळातही हीच जोडी होती. गल्फच्या बाजारासाठी सिको तशा तबकड्या घालायची.

‘साब, नया बना देता हूं’

खरी परीक्षा इथून पुढे. प्रत्येक दुकानात एकच ऑफर: “डायल चेंज करो साब, शोरूम पीस बना देता हूं.” समोर चकचकीत डायल, काटे, रिंग. संध्याकाळपर्यंत घड्याळ तयार. परदेशातले शौकीन अशा रंगवलेल्या घड्याळांना नाक मुरडून ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. त्यांचं नाक मुरडणं थोडं बाजूला ठेवू. कारागिराच्या हातात कसब आहेच, आणि ज्याला फक्त वेळ बघायची आहे त्याचं काम होतंच. प्रश्न घड्याळ कुणाचं आहे हा आहे.

मामाच्या डायलवरचे पांढरे ठिपके आता चहाच्या रंगाचे झालेत, अंधारात मुळीच चमकत नाहीत. दुकानातूनच त्याला फोन लावला. नवीन डायल टाकू का विचारलं. मामा म्हणाला, “अरे, रात्री बारा ते चारचे वॉच केलेत त्या घड्याळानं माझ्याबरोबर. त्याला आता मेकअप कसला करतोस?” विषय संपला. डायल आणि काटे जुनेच राहिले. बदललं ते एवढंच: मशीनचे झिजलेले भाग, वाराची तबकडी, काच, रिंगवरची चकती आणि सगळी रबरं.

घड्याळ उघडलं ते फोर्टातल्या आमच्या नेहमीच्या घड्याळजी काकांनी. डोळ्याला भिंग लावून त्यांनी पहिली बघितली ती चावी. डायव्हरची चावी स्क्रूसारखी आवळून बंद होते. तीच पाण्याला अडवते. “चावी नवीन मिळेल,” काका म्हणाले, “पण केसमधले आटे गेलेत. ते केसमध्येच कापलेले असतात, वेगळे मिळत नाहीत.” मग उपाय? दुसरी केस घ्यायची. पण जन्मतारीख तर झाकणावर आणि मामाच्या हाताच्या खुणा केसवर! केस ठेवली. म्हणजे हे डायव्हर आता कधीच पाण्यात जाणार नाही. हात धुतानासुद्धा काढून ठेवायचं. सौदा मंजूर.

काकांना मी विचारलं, हे काम शिकायला कुणी येतं का? त्यांनी मान हलवली. मोबाइल रिपेअरिंगला पोरं मिळतात, याला नाही. बाजारात पार्ट अजून मिळतील. ते बसवणारा हात किती दिवस मिळेल, याची काळजी करायला हवी. तेव्हा कपाटातलं सिको बाहेर काढायचं असेल तर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू नका.

जाताय? मग हे लक्षात ठेवा

• आधी घड्याळजी, मग बाजार. काय खराब आहे ते उघडून बघितल्याशिवाय एकही पार्ट घेऊ नका.

• झाकणावरचा नंबर आणि डायलच्या तळाशी असलेली बारीक अक्षरं यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. ओरिजनल डायलवर ६३०९ हा नंबर तिथंही असतो. छपाई फिसकटलेली वाटली तर पुढच्या दुकानात चला.

• घड्याळ हलवून बघा. या मशीनला चावी देता येत नाही, ते हाताच्या हालचालीवरच चालतं.

• काढलेला प्रत्येक जुना पार्ट पुडीत बांधून परत मागा. उद्या लागतो.

• नवीन रबरं बसवली म्हणून स्विमिंग पूल गाठू नका. हवेच्या दाबावर टेस्ट झाल्याशिवाय कुठलंही जुनं डायव्हर पाण्यात न्यायचं नाही.

• घासाघीस जरूर करा, पण हसतमुखानं. चाचांनी चहा मागवला तर प्या. पुढच्या ट्रेबद्दल ते चहानंतरच बोलतात.