रिजेक्टकडे बघा

वर्धा खोऱ्यातला कोळशाचा तुकडा नीट पाहिला, की चकचकीत काळ्या पट्ट्यांच्या मधूनमधून मळकट शेल दिसतो. पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी गोंडवानाच्या दलदलीत झाडोऱ्याबरोबर गाळही साचला, तो असा मुरून बसलाय. म्हणून आपल्याकडच्या पुष्कळशा कोळशात राख ३५ ते ४५ टक्के.

कोळसा धुणाऱ्या वॉशरीचं तत्त्व सोपं आहे. स्वच्छ कोळशाची घनता १.३च्या आसपास, शेलची दोनच्या वर. पाण्यात मॅग्नेटाइटची पूड कालवून मधल्या घनतेचं मीडियम करायचं. कोळसा तरंगतो, दगड बुडतो; हा बुडालेला माल म्हणजे रिजेक्ट. पण आपला बराचसा माल धड कोळसाही नाही आणि धड दगडही नाही. मीडियमची डेन्सिटी १.६० वरून १.६५ केली, तरी त्यातला बराच माल बाजू बदलतो. बारीक फोडावा तर दगड सुटतो, पण चुरा वाढतो. चुरा पाणी धरून ठेवतो, आणि राख कमी करून मिळवलेली उष्णता ते पाणी उडवण्यातच जाते.

म्हणून डेन्सिटी करारातला आकडा पाहून लावू नये. ती फ्लोट-सिंक चाचणीवरून ठरते. झिंक क्लोराइडच्या बादल्या ओळीने मांडायच्या: १.४, १.५, १.६, १.७. नमुना पहिलीत सोडायचा, तरंगलेला जाळीने काढायचा, बुडलेला पुढच्या बादलीत. द्रावण हाताला झोंबतं, हातमोजे हवेतच. मग प्रत्येक वाटा धुऊन, वाळवून, तोलून, ८१५ अंशांच्या भट्टीत जाळून राख मोजायची. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

हजार किलोमीटरपलीकडच्या वीजकेंद्रांना ३४ टक्क्यांहून जास्त राखेचा कोळसा देऊ नये, अशी अट २००१ पासून होती. २०२० मध्ये ती काढली. मला ते पटलं नाही. न जळणारी माती मालगाडीने देशभर का फिरवायची? मात्र अट नको म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा खरा आहे. धुतलेला कोळसा गाडीत बसून निघून जातो, रिजेक्टचा ढीग इथेच राहतो, शेतांच्या कडेला. त्यात कोळसा राहिला असेल तर ढीग आतून तापतो, धुमसतो.

नव्या मुलांना म्हणून मी सांगतो, धुतलेल्या कोळशाइतकाच रिजेक्टचाही नमुना रोज काढा. प्लांट १.६ वर चालू असताना रिजेक्टमध्ये १.५ ला तरंगणारा माल सापडू लागला, तर आधी कोळसा-दगड वेगळं करणाऱ्या सायक्लोनचं खालचं तोंड मोजा. मॅग्नेटाइट आणि दगड घासून घासून ते रुंद होतं आणि चांगला कोळसा तिथून निसटतो. ते वेळेत बदला.