दोन रुपयांचं अंडं

आमचं मूळ बेथेलचं, जालन्याजवळ. नारायण शेषाद्री या ब्राह्मणाने १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून ही ख्रिस्ती वस्ती वसवली. बेथेल म्हणजे देवाचं घर. याकोब धोंडा उशाला घेऊन निजला, ती जागा. १९७२च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची, तेव्हा बाई तिला म्हणाल्या, “याकोबाने धोंडा उशाला घेतला, माय. आपल्या वाट्याला फोडायला आला.” त्या वर्षी आई हसलेली मला आठवते, ती तेवढ्यावरच.

बाई म्हणजे आमच्या मंडळीतल्या बायबलबाई. जाड भिंगांचा चष्मा, एक काडी सुतळीने बांधलेली.

त्याच साली माझी धाकटी बहीण तापाने गेली. जो येई तो बायबलातल्या ईयोबाचा दाखला देऊन जाई. बाई आल्या त्या थेट चुलीपुढे बसल्या. मिलो ज्वारीचं तांबडं पीठ थापताना तुटायचं, म्हणून आधी त्याची उकड काढली. मग भाकरी केल्या आणि पहिला घास आईच्या तोंडात घातला. प्रार्थना रात्री, तीही एवढीशी, “प्रभू, ही माय आज जेवली. आमेन.” मग उशिरापर्यंत टिळकांची भजनं. रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ताला टाळांच्या संगतीत आणलं ते फार बरं केलं. ऑर्गनच्या विलायती चालीवर आमच्या आईला रडू आलं नसतं. पुढे माझ्या हळदीलाही बाईंनी तीच भजनं म्हटली. चाल तेवढी द्रुत.

हंगामाचा सण आला. हंगाम नव्हता, पण पाळकसाहेबांनी सण मोडला नाही. एरवी वेदीपुढे कणसं, भोपळे, कोंबड्यांचा ढीग लागे, उपासनेनंतर त्याचा लिलाव. त्या साली सगळं मिळून दोन टोपल्या. आईने आमच्या एकुलत्या कोंबडीचं अंडं पदराखालून नेऊन ठेवलं. मी लाजेने शेवटच्या बाकामागे लपलो.

चार आणे. आठ आणे. मागून बाईंचा आवाज आला, “दोन रुपये!” मंडळी वळून बघायला लागली. बाईंनी कनवटीची पुरचुंडी सोडून पैसे मोजले.

आता आमच्या लिलावात मोसंबीच्या टोपल्या येतात. मी उगाच बोली चढवतो. बायको म्हणते, घरात मोसंब्या सडतायत. सडू देत. ते दोन रुपये काही फिटत नाहीत.

त्या लिलावाच्या संध्याकाळी बाई अंडं घेऊन घरी आल्या. “देवाच्या घरचं आहे, पोराला उकडून घाल.” मी सवयीने अर्धंच खाल्लं, अर्धं बहिणीसाठी ताटलीत ठेवलं. कोणी काही बोललं नाही. बाईंनी ते उचललं, त्यावर मीठ भुरभुरलं आणि आईच्या तळहातावर ठेवलं.