नदीच्या वरच्या अंगाला

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीने आम्ही पांढुर्ण्यास उतरलो. संत्र्यांच्या बागांचा हा मुलूख. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येथे जाम नदीवर गोटमार होते. पलीकडचा काठ सावरगावचा. त्या काठावर उभे असता आमची दृष्टी मात्र पात्राकडे वाहत येणाऱ्या एका नालीवर खिळली.

जाम पुढे कन्हानला मिळते. सौंसर तालुक्यात रामाकोन्याला आम्ही कन्हानचेही दर्शन घेतले. हीच कन्हान नागपूरकरांची तहान भागविते. पांढुर्णा-सौंसरच्या कितीतरी लेकी नागपुरात नांदतात. येथे नदीत सोडलेले सांडपाणी त्यांच्याच घागरीच्या वाटेने जाते.

सांडपाणी शुद्ध करण्याचे मोल यावरून कळावे. नागपूरच्या भांडेवाडी केंद्रात आधी गाळ खाली बसवितात, मग सूक्ष्म जिवाणूंकरवी उरलेली घाण नाहीशी करतात. असे दररोज १३ कोटी लिटर पाणी कोराडीच्या वीजकेंद्रास पुरविण्याची योजना तेथील महापालिकेने उभारली. पेंचचे तेवढे पाणी पिण्यासाठी मोकळे होते. आणि पेंच तरी छिंदवाड्याच्याच डोंगरांची कन्या!

पांढुर्णा व सौंसर मिळून २०२३ साली नवा जिल्हा झाला. नवा संसार थाटताना चुलीबरोबर मोरीचीही जागा ठरवावी लागते. नदीचे मूळ शोधू नये म्हणतात. वरच्या अंगाला राहणाऱ्यांनी तिचा खालचा काठ मात्र कधी विसरू नये.