सुके मांस आणि अदृश्य नाणे

अर्थशास्त्राच्या वर्गात वस्तुविनिमयाचा भाग आला की आम्ही एका फ्रेंच गायिकेची गोष्ट सांगत असतो. गोष्ट आमची नव्हे. जेव्हन्स या इंग्रज पंडिताने १८७५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या चलनविषयक ग्रंथाचा आरंभच तिने केला आहे. पॅरिसच्या रंगभूमीवरील कुमारी झेली ही जगाच्या सफरीवर असता पॅसिफिक महासागरातील सोसायटी बेटांत गायिली. ठरल्याप्रमाणे उत्पन्नाचा तिसरा हिस्सा तिच्या वाट्यास आला, आणि पाहते तो काय? ३ डुकरे, २३ टर्की पक्षी, ४४ कोंबड्या, ५००० नारळ, आणि वर केळी, लिंबे व संत्री यांच्या राशी! पॅरिसच्या मंडईत या मालाचे चार हजार फ्रँक सहज झाले असते. बेटावर पैसा दुर्मीळ. बाईंच्याने तो सारा माल खाववेना. शेवटी फळे होती ती डुकरांना व कोंबड्यांना घालण्याची पाळी आली. विद्यार्थी हसतात, आणि त्या हसण्याच्या भरात नाण्याची आवश्यकता त्यांच्या गळी उतरते.

ही गोष्ट आम्हांस नव्याने आठवण्याचे कारण असे की, २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही अमेरिकेत कोलोरॅडो संस्थानात आमच्या भाच्याकडे दोन महिने राहिलो होतो. भाच्याचे घर ग्रीली या गावापासून फार दूर नाही. तो सारा मुलूख गुराढोरांचा. वारा फिरला की गोठ्यांचा वास थेट दिवाणखान्यात येतो. त्याच्या शेजारचे एक वयस्क गृहस्थ घरच्या घरी गोमांस वाळवून त्याच्या पट्ट्या आंतरजालावरून विकीत असत, आणि मोबदला म्हणून डॉलर न घेता बिटकॉइन नावाचे ते अलीकडचे नाणे घेत असत. हा व्यवहार आमच्या तेथे जाण्यापूर्वीच बंद झाला होता. परंतु गृहस्थ बोलके, आणि आम्ही अर्थशास्त्राचे अध्यापक म्हटल्यावर त्यांस जणू हक्काचा श्रोताच लाभला.

वाळवण्याची कृती त्यांनी आम्हांस साद्यंत दाखविली. मांस जनावराच्या मागल्या मांडीचे, बिनचरबीचे घ्यावयाचे. कारण चरबी वाळत नाही, तिला खवट वास सुटतो. ते अर्धवट गोठवून घेतले म्हणजे सुरी सरळ चालते व पट्ट्या सारख्या जाडीच्या पडतात. मग सोयाबीनचा काळा रस, मिरे, लसूण व तांबडी साखर यांत रात्रभर मुरवत ठेवावयाचे. सकाळी आधी भट्टीत ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून, नंतर पंचावन्न ते साठ अंशांच्या कोरड्या हवेत कित्येक तास वाळवावयाचे. प्रथम तापवून घेण्यावर गृहस्थांचा विशेष कटाक्ष होता आणि तो योग्यच होता. ओल्या मांसातील पाणी उडून जात असता मांस थंड राहते, आणि एकदा कोरडेपणा आला की त्यातील रोगजंतू उष्णतेस दाद देईनासे होतात. १९९५ साली ओरेगॉन संस्थानात घरी वाळविलेल्या हरणाच्या मांसापासून काही माणसे घातक जंतूंनी आजारी पडली होती. तीन-चार पौंड ताज्या मांसाचा पौंडभर सुका माल होतो. म्हणजे विकत घेणारा जे घेतो त्यातला पुष्कळसा भाग, उडून गेलेल्या पाण्याचे मोल होय.

या पदार्थास तिकडे जर्की म्हणतात. शब्द इंग्रजी दिसला तरी मूळचा पेरूकडील डोंगराळ मुलखाचा. तेथील केचुआ भाषेतील चार्की या शब्दाचे ते रूप. दक्षिण आफ्रिकेत याच जातीच्या वस्तूस बिल्टाँग म्हणतात. आमचा जन्म रत्नागिरीकडच्या मासे खाणाऱ्या घरातला. गोमांस आम्ही खात नाही, तेव्हा चवीविषयी लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु पावसाळ्याच्या बेगमीसाठी अंगणात वाळत घातलेले बोंबील व मिठातले बांगडे ज्याने लहानपणी राखले आहेत, त्यास त्या स्वयंपाकघरात अगदीच परक्यासारखे वाटू नये.

आता नाण्याविषयी. बिटकॉइनची वही ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झाली. तिचा कर्ता सातोशी नाकामोतो हे नाव लावीत असे. त्या नावामागचा मनुष्य कोण, हे अजून सिद्ध झालेले नाही. हे नाणे म्हणजे धातू नव्हे की कागद नव्हे. कोणी कोणास किती दिले याची ती एक जगभर पसरलेली वही आहे. तिच्या प्रती हजारो संगणकांत असतात, सुमारे दर दहा मिनिटांनी तिला नवे पान जोडले जाते, आणि जोडलेले पान मागाहून खोडता येत नाही. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर कधी जावयाची नाहीत असा नियम त्या यंत्रणेतच घातलेला आहे. पेढी नको, सरकार नको, मध्यस्थावर भरवसा टाकणे नको, ही मूळ प्रतिज्ञा. पहिल्या दिवसांत या नाण्यास कोणी विचारीत नसे. २२ मे २०१० रोजी फ्लोरिडातील लास्लो हान्येच याने दोन पिझ्झांसाठी दहा हजार बिटकॉइन मोजले, तेव्हा त्यांची किंमत अवघी चाळीस डॉलरांच्या आसपास होती. पुढे त्या दहा हजारांचे मोल कोट्यवधी डॉलर झाले, म्हणून लोक त्या मनुष्याची कीव करतात. आम्हांस ती कीव पटत नाही. ज्या नाण्याने कोणी पोटभर जेवलाच नाही ते नाणे ठरावे तरी कशाने?

आमच्या या गृहस्थांनी हे नाणे पत्करले त्यास दोन कारणे होती. एक त्यांनी सांगितले. दुसरे आम्ही ताडले. सांगितलेले कारण असे की, कार्डाने पैसे घेतले तर मधली मंडळी आपला हिस्सा कापून घेतात. दुसरे कारण कायद्याचे. १९०६ साली अप्टन सिंक्लेअरच्या ‘द जंगल’ या कादंबरीने शिकागोच्या मांसकारखान्यांतील घाण चव्हाट्यावर आणली व त्याच वर्षी मांसतपासणीचा कायदा झाला. एका संस्थानातून दुसऱ्या संस्थानात विकावयास पाठविण्याचे गोमांस सरकारी तपासणीखालच्या जागेतच तयार झाले पाहिजे, घरच्या भट्टीत नव्हे. कायदा मोठ्या कारखान्यांसाठी आहे, आमच्यासारख्यांसाठी नव्हे, असे गृहस्थ म्हणत. आम्ही याबाबत निःसंशय कायद्याच्या बाजूचे आहो. जंतूंस लहान कारखाना व मोठा कारखाना हा भेद कळत नाही.

परंतु मौज पाहा. कोणावरही विश्वास ठेवावा लागू नये म्हणून जे नाणे निर्माण झाले, त्याच्या मोबदल्यात विकावयास काढलेली वस्तू कोणती? तर अनोळखी माणसाच्या घरी, त्याच्या सुरीने कापलेले आणि त्याच्या भट्टीत वाळलेले मांस! नाणे खरे की खोटे याची शहानिशा हजारो संगणक करीत होते. मांस खरे की खोटे याची शहानिशा करणारा त्या गृहस्थांच्या सदसद्विवेकाखेरीज दुसरा कोणी नव्हता. शिवाय कार्डाने दिलेले पैसे तक्रार करून परत मिळविता येतात. या वहीतले पान खोडता येत नाही. म्हणजे सर्व धोका गिऱ्हाइकाच्या माथी. तरीही शंभराहून अधिक लोकांनी त्यांच्याकडून माल घेतला, असे ते सांगत.

यांपैकी एका गिऱ्हाइकाची हकीकत ते वारंवार सांगत. त्याने ऑक्टोबर २०२० मध्ये एक पुडके मागविले. किंमत पस्तीस डॉलर. बिटकॉइनचा भाव त्या सुमारास अकरा हजार डॉलर, म्हणून सुमारे ०.००३२ बिटकॉइन आले. पुडके नाताळाच्या सुटीत उघडले, आणि आत पांढरी बुरशी! गिऱ्हाइकाने छायाचित्र पाठविले व मोबदला परत मागितला. दरम्यान बिटकॉइनचा भाव चढत चढत अठ्ठावीस हजारांच्या पलीकडे गेला होता. जे नाणे घेतले होते तेच परत द्यावे, तर नव्वद डॉलर जातात; जी किंमत घेतली होती ती परत द्यावी, तर गिऱ्हाईक म्हणणार, माझे नाणे कोठे आहे?

प्रश्न वरवर पाहता पुडक्याएवढा आहे. परंतु कर्जाचा सारा इतिहास त्यात बांधलेला आहे. आमच्याकडे वाढीदिढीची पद्धत होती. पेरणीच्या दिवसांत धान्य महाग असता कुणब्याने एक मण न्यावे व सुगीत दीड मण घालावे. धान्य धान्याने फेडावयाचे की रुपयाने, यावर किती घरे बसली व किती उठली असतील! दामदुपटीचा नियम झाला तोही व्याज मुद्दलाच्या पुढे पळू नये म्हणूनच. तेथे निदान व्याज धावत असे. येथे मुद्दलच धावत सुटलेले! त्यातच अमेरिकेच्या करखात्याने २०१४ साली असे ठरविले आहे की, करापुरते बिटकॉइन हे चलन नव्हे, मालमत्ता आहे. म्हणजे त्या खात्याच्या दृष्टीने आमच्या गृहस्थांनी मांस विकून पैसे घेतलेच नव्हते. मांस देऊन दुसरी एक चीज घेतली होती. कुमारी झेलीची डुकरेच पुन्हा आली म्हणावयाची! आणि दरम्यान डुकरीण व्याली असेल, तर ती पिलांसह परत करावयाची की पिलांवाचून?

आमचे मत आम्ही त्यांस स्पष्ट सांगितले. यादीवर किंमत डॉलरांत लिहिलेली होती. गिऱ्हाइकाने तीच वाचली व मान्य केली. बिटकॉइन हे मोजमाप नव्हते, केवळ वाहन होते. ज्या नाण्यात कोणी किंमत बोलत नाही ते पुरे नाणे नव्हे. तेव्हा पस्तीस डॉलर व वर टपालखर्च परत दिला असता तर कोणासही बोट दाखविण्यास जागा राहिली नसती. त्यांच्या पत्नीचेही मत हेच होते असे कळले, आणि त्या तर घरचा जमाखर्च पाहत. गृहस्थांनी मात्र ०.००३२ बिटकॉइन जसेच्या तसे परत केले, आणि ते पाठविण्याची फीसुद्धा आपल्याच पदरची भरली. कारण विचारता म्हणाले, “बिघडले ते माझे मांस. त्याचे नाणे बिघडले नव्हते.” आमचे शास्त्रीय मत अजूनही बदललेले नाही. परंतु हा युक्तिवाद आम्ही परत आल्यावर वर्गात ठेवला, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांनी त्या गृहस्थांच्या बाजूने हात वर केले, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

बुरशीचे कारण त्यांनी शोधून काढले. त्या घाण्यातील काही पट्ट्या जाड कापल्या गेल्या होत्या. त्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी परगावी माल धाडणे सोडले.

पुण्यास परतल्यावर हा सारा वृत्तान्त आम्ही आमच्या एका सहाध्यापकांस सांगितला. ते मराठवाड्याचे, आमच्याच वयाचे, मराठी शिकवितात. पूर्वी ज्या वस्तीस गावाबाहेर ठेवीत त्या वस्तीत त्यांचे बालपण गेले. जर्कीचे वर्णन त्यांनी पुरतेपणी ऐकूनही घेतले नाही. “चान्या म्हणा की, सर,” ते म्हणाले. मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळवावयाच्या व पुढे कित्येक दिवस पुरवून खावयाच्या, याचा हा अस्सल मराठी शब्द. शाहू पाटोळे यांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्याच्या दलित स्वयंपाकघरातील असे कितीतरी पदार्थ आले आहेत. एका मराठी वस्तूसाठी आम्ही पेरूपर्यंत जाऊन आलो होतो, आणि शब्द मात्र शेजारच्या खुर्चीवर बसलेला!

त्यांच्या आजी चान्या वाळवीत तेव्हा कावळे व घारी हाकलण्याचे काम मुलांकडे असे. मीठ लावलेल्या पट्ट्या उन्हात काळ्या पडत, मडक्यात भरल्या जात, आणि कोणाकडे पाहुणे आले की बाहेर निघत. आता त्या दिसत नाहीत. २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैलाच्या कत्तलीसही बंदी आहे. आम्ही सहज विचारले, “तुमच्या आजी त्या विकीत नसत काय?”

“आमच्या हातचे विकत कोण घेणार होते, सर?” ते शांतपणे म्हणाले.

थोडा वेळ आम्ही दोघेही चहा पीत राहिलो. मग त्यांनीच विषय पुन्हा काढला. त्या अमेरिकन गृहस्थांच्या गिऱ्हाइकांस माल करणाऱ्याचे नाव ठाऊक असे काय, त्याचे घर गावात कोणत्या बाजूस आहे हे ठाऊक असे काय, असे त्यांनी विचारले. नाव नव्हे, एक टोपणनाव काय ते ठाऊक असे. आणि नाण्याच्या वहीत तर तेवढेही नाही, केवळ अक्षरांची व आकड्यांची एक लांब माळ, असे आम्ही सांगितले. ती माळ कशी दिसते हे त्यांस पाहावयाचे होते. आम्ही फोनवर एक दाखविली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती एकेक अक्षर करीत शेवटपर्यंत वाचली.

“यात आडनाव कोठेच नाही,” ते म्हणाले, आणि फोन आमच्या हाती परत दिला.