घरी आलेली गंगा

गणेशपुरीच्या गरम कुंडांचे नवल पाहुण्यांना. आम्हां गावकऱ्यांच्या ते अंगवळणी पडलेले. पाणी तापते कशाने, असे विचारले की आजी सांगे, "वज्रेश्वरीने मारलेल्या दैत्यांचे ते रक्त." पुढे कधीमधी कोणी विद्यार्थी येत, बाटल्यांत पाणी भरून घेत, आमच्याकडे चहा पीत, चार प्रश्न विचारीत आणि जात. त्या पाण्यात त्यांना काय सापडले, हे गावाला कधी कळलेच नाही. प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात. आणि त्या कपाटाची किल्ली आमच्यासारख्याला कोण देणार?

२००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केला, की पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत सर्वांना पाहता यावी. गांधीनगरचे 'इन्फ्लिबनेट' केंद्र चालवीत असलेल्या 'शोधगंगे'त आता असे लाखो प्रबंध आहेत. वाचायला वर्गणी नाही, ओळखपत्र नाही.

सुटीत आलेल्या पुतण्याने मोबाइलवर तिथे गरम झऱ्यांविषयी शोधले. पावसाचे पाणी कातळाच्या भेगांतून खोल मुरते, भूगर्भातल्या उष्णतेने तापते आणि भेगांवाटेच वर येते. तो इंग्रजीतून वाची, मला मराठीतून सांगे. आजीची गोष्ट मला अजूनही आवडते. पण आपल्याच दारचे पाणी आपल्याला उमगले, याचा आनंद निराळाच!

गंगा घरी आली खरी. पण घागर भरून देणारा हवा. तुमच्याही गावावर कोणी काही लिहिले असेल. फराळ झाला, की मुलांना शोधायला बसवा आणि आजोबांना ते मराठीतून सांगायला लावा.