मावशीच्या घरचं वायफाय

जळगावहून निघालेली गाडी नवापूरला थांबली की मला सुरत जवळ आल्यासारखं वाटतं. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. पुढे व्यारा, बारडोली, उधना आणि मग सुरत. रिक्षा सरदार पुलावरून तापी ओलांडते, की अडाजणला मावशीचं रो-हाऊस.

यंदा संक्रांतीला गेले होते. गच्च्या पतंगवाल्यांनी भरलेल्या, घरात उंधियूचा वास. पण मावशी गप्पच होती. रात्री कारण कळलं.

"अगं, ती हल्ली मधेच फोन बंद करते. कंटाळत असेल आईला."

'ती' म्हणजे टोरांटोची लेक. दर रविवारी रात्री नऊला तिचा व्हिडिओ कॉल येतो. दोन महिन्यांपासून पाच मिनिटांत चित्र अडकायचं आणि कॉल तुटायचा. मी लेकीला मेसेज केला, तर तिचं उत्तर, "ताई, आईच फोन ठेवून देते गं." दोघी एकमेकींवर रुसलेल्या!

काकांचा संशय मांज्यावर होता, बाहेरची तार कापली असणार म्हणून. पण दुरुस्तीवाला मुलगा "मासी, लाइन तो बराबर छे" सांगून गेलेला. आता काका नवा राउटर आणायला निघाले होते. मी म्हटलं, "काका, आधी दोष कुठे आहे ते तरी बघू."

राउटर वरच्या मजल्यावर होता, माळ्यावर, लोखंडी पेटीच्या मागे. त्याच्या शेजारी उभं राहून व्हिडिओ लावला, तर एकदाही अडकला नाही. म्हणजे बाहेरची लाइन खरंच ठीक होती. खाली मागच्या खोलीत आले आणि रेंजची एकच रेघ उरली. गुडघे दुखायला लागल्यापासून, म्हणजे दिवाळीपासून, मावशी तिथेच झोपते आणि तिथूनच बोलते. मधे सळयांचा स्लॅब, वर ती पेटी. फोन ५ गिगाहर्ट्झवर जोडलेला. तो वेगवान खरा, पण भिंतीपलीकडे लवकर दमतो. २.४ वर घेतला, तर रेंज वाढली, पण शेजारच्या दहा घरांची वायफाय त्याच पट्ट्यात. तिथे १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांत मिसळत नाहीत. त्यातल्या त्यात मोकळा ११ निवडला. कॉल थोडा टिकू लागला, पण भरवसा नव्हता.

"काका, राउटर खाली आणू या ना."

काका एकदम म्हणाले, "खाली नको."

मग मला आठवलं. ऑगस्ट २००६. उकाईचं पाणी सुटलं, तापी शहरात शिरली आणि अडाजणला तळमजले बुडाले. फ्रिज, टीव्ही, लग्नाचे अल्बम, सगळं गेलं. तेव्हापासून या घरात इन्व्हर्टर, कागदपत्रं, किमती वस्तू वरच राहतात. राउटरही त्याच धाकानं माळ्यावर गेला होता.

मी हट्ट केला नाही. राउटर वरच ठेवला, फक्त पेटीमागून काढून मोकळ्या कोनाड्यात. जिन्याच्या कडेनं लॅन केबल खाली सोडली. ही केबल शंभर मीटरपर्यंत बिनधास्त चालते. काकांच्या कपाटात जुना राउटर पडून होता. सेटिंग बदलून तो मावशीच्या खोलीत अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावला, तोही भिंतीवर उंच. पाणी आलंच, तर एक वायर काढून उचलून न्यायचा. काकांना ते पटलं. खर्च फक्त केबलचा.

रविवारी नऊला फोन वाजला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मावशी नातवाला पतंग दाखवत होती. पाऊण तासानं लेकच म्हणाली, "आई, आता ठेवू का?"

"ठेव गं. पण तूच ठेव हं!" मावशी हसत म्हणाली.

मंडळी, तुमच्याही घरी कॉल तुटत असेल, तर नवा डबा घेण्याआधी राउटरजवळ उभं राहून एकदा बोलून बघा. आणि समोरच्या माणसावर रुसण्याआधीही!