खोक्यावरचा ‘चार’ : जीफोर्स ४ एमएक्स ४४० आणि रेडियन ९०००

सन २००३ ची दिवाळी. डोंबिवलीतील एका अकरावीच्या विद्यार्थ्याने वडिलांपाशी एकच मागणी केली होती : संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड. वडिलांनी बोनसमधून पैसे काढून ठेवले, पण अट घातली की बारावीची परीक्षा होईपर्यंत दुसरे काही मागायचे नाही. अट मान्य झाली. निवड चुकली तर दीड वर्ष तिच्यासोबतच काढावे लागणार, एवढाच या व्यवहाराचा अर्थ.

ग्रँट रोड स्थानकापासून लॅमिंग्टन रोड फार दूर नाही. तिथल्या एका दुकानात काउंटरवर दोन खोकी आली. एकावर जीफोर्स ४ एमएक्स ४४०, दुसऱ्यावर रेडियन ९०००. दोन्हीवर ६४ एमबी मेमरी. दुकानदाराने मुलाकडे नव्हे, वडिलांकडे पाहून सांगितले, ‘‘साहेब, हा चार नंबर आहे. लेटेस्ट.’’ मुलानेही मान डोलावली. जीफोर्स ३ ची कीर्ती त्याने मासिकांत वाचली होती. तीनानंतर चार येतो हे कोणालाही शिकवावे लागत नाही.

इथे मात्र तीनानंतर चार आला नव्हता.

एनव्हिडियाने फेब्रुवारी २००२ मध्ये ‘जीफोर्स ४’ या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या जातींची कार्डे जाहीर केली. ‘टीआय’ म्हणजे टायटेनियम ही खरोखर जीफोर्स ३ ची सुधारित पुढची पिढी. ‘एमएक्स’ची चिप, जिचे अंतर्गत नाव एनव्ही१७, ती जीफोर्स २ च्या घराण्यातली. तिला मेमरीचा काटकसरीने वापर करण्याची नवी युक्ती, दोन पडदे जोडण्याची सोय आणि डीव्हीडी चित्रपटांसाठी वेगळे विभाग मिळाले होते. पण जीफोर्स ३ ज्या गुणासाठी प्रसिद्ध झाले, तो पिक्सेल शेडर तिच्यात नव्हताच. थोरल्या भावाचे आडनाव लावून धाकट्या चुलत्याला बोहल्यावर उभे करावे, तसा हा प्रकार होता.

हा गुण म्हणजे नेमके काय, हे दिवाळीच्याच भाषेत सांगता येते. ठशाची रांगोळी आणि मुक्तहस्त रांगोळी यांत जो फरक, तोच जुन्या आणि नव्या चिपमध्ये. जुन्या चिपमध्ये प्रकाश, छाया, धुके यांचे ठसे कारखान्यातच कोरलेले असत. गेम बनवणाऱ्याने कोणता ठसा कुठे मारायचा एवढेच ठरवायचे. नोव्हेंबर २००० मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स ८ ने हे बदलले. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग कसा काढायचा याचा छोटासा कार्यक्रम आता गेमकर्त्याला स्वतः लिहिता येऊ लागला. पाण्याची लहर, ओल्या दगडाची चकाकी, तापलेल्या हवेची थरथर ही सारी त्या मोकळ्या हाताची कामे. २००१ चे जीफोर्स ३ हे अशा शेडरसह घराघरांत पोहोचू शकणारे पहिले कार्ड. एमएक्स ४४० एक वर्षाने आले आणि ठशांचाच डबा घेऊन आले.

एटीआयचे रेडियन ९००० जुलै २००२ चे. तेही स्वस्तातलेच, पण त्याची चिप रेडियन ८५०० या महागड्या कार्डावरून काटछाट करून काढलेली होती. काटछाट करताना एटीआयने शेडर शाबूत ठेवला, आणि तोही १.४ आवृत्तीचा, म्हणजे जीफोर्स ३ पेक्षाही पुढचा.

आता त्या काउंटरवर परत यावे. खोके उलटून पाहणाऱ्याला काय दिसले असते? एमएक्स ४४० च्या चिपचा वेग २७० मेगाहर्ट्‌झ, रेडियन ९००० चा २५०. दोन्हीची मेमरी २०० मेगाहर्ट्‌झची डीडीआर, दोन्हीचा मेमरीमार्ग १२८ बिटांचा. म्हणजे दोन्हींत सेकंदाला ६.४ जीबी माहितीची ये-जा. एमएक्समध्ये दोन पाइपलाइन आणि प्रत्येकीत दोन टेक्स्चर युनिट. रेडियनमध्ये चार पाइपलाइन आणि प्रत्येकीत एक. गुणाकार केला तर एमएक्स सेकंदाला १०८ कोटी टेक्सेल हाताळू शकते, रेडियन १०० कोटी. कागदावर एमएक्स किंचित सरसच. जो खरा फरक होता त्याला खोक्यावर आकडा नव्हता. असलाच तर बारीक अक्षरांत ‘डायरेक्टएक्स ८.१’ एवढा उल्लेख, आणि त्याचा अर्थ विचारणारे गिऱ्हाईक विरळा.

धोक्याची घंटा मात्र वाजली होती, तीही कार्ड जाहीर झाले त्याच महिन्यात. ‘डूम’ आणि ‘क्वेक’ यांच्या इंजिनांचा कर्ता जॉन कारमॅक आपल्या जाहीर टिपणांत कामाच्या नोंदी लिहीत असे. फेब्रुवारी २००२ मध्ये त्याने एनव्हिडियाच्या नामकरणाला स्पष्ट शब्दांत गोंधळ म्हटले आणि येऊ घातलेल्या ‘डूम’साठी जीफोर्स ४ एमएक्स विकत घेऊ नका, असे बजावले. ते टिपण लॅमिंग्टन रोडवरच्या काउंटरपर्यंत पोहोचण्याचा काही मार्ग नव्हता.

न्यायाने सांगायचे तर पहिले सहा महिने मुलगा सुखात होता. त्या काळात गल्लीबोळांतल्या सायबर कॅफेंत जे खेळले जाई, म्हणजे ‘काउंटर-स्ट्राइक’, ‘क्वेक ३’, २००३ साली आलेले ‘व्हाइस सिटी’, ते सारे एमएक्सवर पाण्यासारखे चाले. एनव्हिडियाचे ड्रायव्हर भरवशाचे मानले जात. एटीआयची त्या बाबतीतली ख्याती चांगली नव्हती आणि कॅटॅलिस्ट या नावाने जून २००२ पासून ती सुधारण्याचा प्रयत्न नुकताच सुरू झाला होता. केवळ ठशांच्या रांगोळ्या काढायच्या असतील तर एमएक्स ४४० हे उत्तम कार्ड होते. त्याला टाकाऊ म्हणणारे आजचे शहाणे ही बाजू विसरतात.

मे २००४ च्या सुटीत ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ ची सीडी हाती आली. १९८९ चा मूळ ‘प्रिन्स’ शाळेच्या संगणक-तासाला चोरून खेळलेल्या पिढीला या नावाचे अप्रूप सांगायला नको. गेम बसला, चिन्हावर क्लिक झाले, आणि तो सुरूच झाला नाही. खोक्यावरच्या यादीत जीफोर्स ३ होते, जीफोर्स ४ होते, आणि लगेच कंसात ‘जीफोर्स ४ एमएक्स वगळून’ असा खुलासा होता. ‘डेउस एक्स : इन्व्हिजिबल वॉर’नेही हेच केले होते. तीन चालतो, चार चालत नाही. मुलाने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली.

त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्याच्या मित्राकडे रेडियन ९००० होते. मित्राच्या दादाने ते काही अभ्यास करून घेतले नव्हते. त्या दिवशी दुकानात दुसरे शिल्लक नव्हते म्हणून घेतले. तिथे राजपुत्र भिंतीवरून धावत होता आणि खंजिराच्या वाळूने काळ मागे फिरवत होता.

हार पटकन मानली गेली नाही. ‘थ्रीडी-अॅनालाइझ’ नावाचे एक छोटे सॉफ्टवेअर त्या काळी एमएक्सधारकांत हातोहात फिरे. ते गेमला खोटेच सांगे की यंत्रात दुसरे, शेडर असलेले कार्ड आहे. गेम कधी फसे, कधी फसत नसे. फसला तरी काही वस्तू काळ्या ठिक्कर दिसत आणि चाल बैलगाडीची होई. जे हार्डवेअरमध्ये नाही ते मुख्य प्रोसेसरकडून करवून घ्यायचे, तर असेच होणार.

आणि मग या इतिहासातला सर्वांत मौजेचा भाग घडला. ऑगस्ट २००४ मध्ये ‘डूम ३’ आला आणि तो एमएक्सवर चालला! ज्या गेमसाठी हे कार्ड घेऊ नका असे त्याच्या कर्त्याने सांगितले, त्याच गेममध्ये त्याने या कार्डासाठी वेगळी वाट बांधून ठेवली होती. कारमॅकच्याच जानेवारी २००३ च्या नोंदीनुसार या जुन्या घराण्याच्या चिपवर प्रकाशाचा एक परिणाम काढायला पाच फेऱ्या लागत; जीफोर्स ३ च्या घराण्यात दोन किंवा तीन; रेडियन ८५०० च्या घराण्यात, म्हणजे ९००० मध्येही, बहुधा एकच. एकाच भिंतीवर पाच वेळा हात मारायचा आणि एकदाच मारून मोकळे व्हायचे, एवढे अंतर त्या समान आकड्यांच्या मागे दडलेले होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरातील ‘हाफ-लाइफ २’ नेही एमएक्ससाठी डायरेक्टएक्स ७ ची वाट ठेवली. पाणी साधे, चमक गायब, पण खेळ पूर्ण. गेमकर्त्यांनी एवढे कष्ट घेतले कारण टीका होऊनही हे कार्ड अमाप खपले होते. त्या गिऱ्हाइकांना दाराबाहेर ठेवणे परवडणारे नव्हते.

एटीआयला संत ठरवण्याचे कारण नाही. रेडियन ९७०० हे डायरेक्टएक्स ९ चे, म्हणून त्याच नऊ हजारांच्या रांगेत ९००० बसवले, जे डायरेक्टएक्स ८.१ चेच होते. पुढे जुने ८५०० नाव बदलून ९१०० झाले आणि ९००० लाच एजीपी ८एक्स देऊन ९२०० म्हटले गेले. नावांची लबाडी दोन्हीकडे होती. एवढेच की एटीआयच्या लबाडीने गिऱ्हाइकाचा एक टप्पा बुडाला आणि एनव्हिडियाच्या लबाडीने त्याला पाऊल टाकायचे होते तोच टप्पा. हा फरक लहान मानता येत नाही. जून २००५ च्या ‘बॅटलफिल्ड २’ने तर १.४ चा शेडर मागितला, तेव्हा दुप्पट पैसे मोजून घेतलेली जीफोर्स ४ टीआय कार्डेही बाहेर राहिली आणि २००१ चे रेडियन ८५०० किमान यादीत उभे होते.

मे २००४ मधली ती सुटी मुलाने तिसऱ्या मजल्यावर काढली. एक तास मित्राचा, एक तास त्याचा. एका रात्री जेवताना वडिलांनी विचारले, ‘‘काय रे, नवीन गेम चालतो ना कार्डावर?’’

‘‘हो बाबा, चालतो,’’ मुलगा म्हणाला आणि त्याने आमटी वाढून घेतली.